दाजींसाठी अँप्लिफायर



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं हल्ली कामानिमित्त जगभर फिरतात. त्यांतलं एखादं जपानला निघालं की घरात कुणीतरी म्हणतंच, "येताना तिकडून गाण्याचं मशीन आण हो, त्यांचं फार चांगलं असतं." ह्याला जुनं कारण आहे. मुंबईत, ठाण्यात, अलिबागेला ज्यांनी १९७० ची वर्षं पाहिली त्यांना ठाऊक आहे की आखातातून कुणी जपानी टू-इन-वन आणला तर सगळी आळी तो बघायला यायची. ती आठवण अजून आपल्या मनातून गेलेली नाही. म्हणून ह्या खेपेला त्याच विषयावर लिहितो. घरी गाणी ऐकायला भारीतला अँप्लिफायर घ्यायचा तर काय बघावं, आणि तो जपानहून उचलून आणावा की नाही.

आमचा भाचा योकोहामाला नोकरी करतो. त्याच्याकडे आम्ही आणि आमची मंडळी तीन आठवडे राहून आलो. गेल्या गेल्या दुसऱ्याच दिवशी त्यानं विषय काढला, "मामा, बाबांसाठी एक अँप्लिफायर घ्यायचाय. दोन वर्षं पैसे साठवलेत. तुम्ही बरोबर चला."

बाबा म्हणजे आमचे दाजी. वय चौऱ्याऐंशी, राहणार अश्दोद. भायखळ्याहून १९६९ साली निघाले तेव्हा भांडीकुंडी वाटून टाकली, पण रेकॉर्डींची पेटी मात्र बरोबर घेतली. नाट्यगीतांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या, पुढे भावगीतांच्या आणि हिंदी सिनेमाच्या एलपी. आणि ह्या सगळ्यांत जपून ठेवलेली एक कॅसेट. भाचीच्या मेंदीच्या रात्री आमची ताई जी गाणी म्हणाली ती कुणीतरी टेप केली होती. ताई जाऊन आता पाच वर्षं झाली. दाजी शुक्रवारी दुपारी ती कॅसेट लावतात. अलीकडे ते मुलाला फोनवर सांगायला लागले, "अरे, तुझ्या आईचा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत." मुलानं ते मनाला लावून घेतलं. त्याला वाटलं घरातलं मशीन जुनं झालं, त्याच्या जागी जगातलं चांगल्यात चांगलं बसवलं की आईचे शब्द परत येतील.

हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आधी मुलांसाठी थोडं. अँप्लिफायर करतो काय? रेकॉर्डवरची सुई जी वीज देते ती अगदी नगण्य, व्होल्टाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी. तिनं स्पीकरचा कागदी पडदा हलत नाही. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी आहे आणि खाली नळ आहे असं समजा. नळ फिरवायला दोन बोटं पुरतात, पण पाणी येतं ते टाकीच्या जोरानं. सुईकडून आलेला बारीक सिग्नल म्हणजे ती दोन बोटं. भिंतीतल्या सॉकेटमधून आलेली वीज म्हणजे टाकी. बोटं जशी हलतील तसंच्या तसं पाणी सुटलं पाहिजे, जास्त नाही, कमी नाही, उशिरा नाही. चांगल्या अँप्लिफायरची सगळी करामत एवढीच, आणि पैसे लागतात ते ह्याच कामाला. टाकी म्हणजे आतला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर. तांबं आणि लोखंड आलं की वजन आलं. म्हणून भारीतला अँप्लिफायर दोन माणसांनी उचलावा लागतो.

भाच्यानं आम्हांला अकिहाबाराला नेलं. टोकियोतली ही विजेच्या सामानाची पेठ. हल्ली तिथे कार्टूनच्या बाहुल्या आणि खेळच जास्त, पण मूळ पेठ रेडिओची. लढाईनंतर कांदाच्या बाजूला रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणारे बसत. विजेच्या कॉलेजातली मुलं ते भाग घेऊन रेडिओ जोडायची आणि विकायची. १९४९ साली रस्त्यावरचे ठेले उठवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ह्या मंडळींना आगगाडीच्या पुलाखाली जागा मिळाली. ती बोळकांडी अजून आहे. दोन हात पसरले तर दोन्ही दुकानांना लागतील एवढीच रुंद. एका गाळ्यात फक्त तारा, दुसऱ्यात फक्त बटणं, तिसऱ्यात व्हॉल्व्ह. लॅमिंग्टन रोड आठवला नाही तर तो भायखळ्याचा माणूसच नव्हे. तिथलं 'रेडिओ स्टोअर' नावाचं एक जुनं मार्केट २०१३ साली बंद झालं. बाकीच्यांचंही वय झालंय, गल्ल्यावर बसलेल्यांचं आणि गिऱ्हाइकांचंही.

मोठी दुकानं मुख्य रस्त्याला. इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर वेगळ्या दर्जाचा माल, जसजसे वर जाल तसतशी किंमत वर जाते. आमची मंडळी म्हणाली, "आपण तळमजल्यावरच थांबू." पण भाचा थेट वर.

तिथे पहिल्यांदा आम्ही अ‍ॅक्युफेज पाहिला. फिकट सोनेरी पत्रा, मध्ये काच, काचेमागे हलणाऱ्या सुया. ह्या कंपनीची गोष्ट आम्हांला आवडली. कासुगा आडनावाच्या भावांनी १९४६ साली नागानो भागातल्या डोंगराळ गावात रेडिओचा कारखाना काढला. तो वाढत वाढत ट्रिओ झाला, आणि परदेशात केनवुड ह्या नावानं गाजला. कारखाना एवढा मोठा झाला की स्वस्त माल लाखांनी काढणं हाच धंदा झाला. तेव्हा हे भाऊ स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि १९७२ साली मोजकी, उत्तम यंत्रं बनवणारी छोटी कंपनी काढली. तिचं नाव आधी केन्सॉनिक होतं, १९८२ पासून अ‍ॅक्युफेज. कारखाना योकोहामात, म्हणजे भाच्याच्याच शहरात. आपण विकलेलं जुनं यंत्रही दुरुस्त करून देणारी कंपनी अशी तिची ख्याती आहे. जपानी माणूस अँप्लिफायर घेताना ही गोष्ट आवाजाच्या आधी विचारतो असं दुकानातला माणूस म्हणाला, आणि आम्हांला ते पटलं.

लक्समन त्याहून जुना. ओसाकामध्ये तसबिरींच्या चौकटी विकणारं एक दुकान होतं. १९२५ साली जपानात रेडिओ सुरू झाला (आपल्या मुंबईला तो १९२७ मध्ये आला), आणि त्याच वर्षी ह्या दुकानानं एका बाजूला रेडिओ विभाग काढला. चौकटी राहिल्या मागे आणि रेडिओ पुढे गेला. त्यांचे व्हॉल्व्हवाले अँप्लिफायर लाकडी पेटीत बसवलेले असत आणि अजूनही तसे काढतात. चौकटीवाल्यांचा हात लाकडावरून सुटला नाही, असं आपलं आम्हांला वाटलं.

सानसुई हे नाव आपल्याला टीव्हीमुळे माहीत. औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं ते नाव घेऊन भारतात टीव्ही विकले. पण जपानात सानसुई म्हणजे अँप्लिफायर. ट्रान्सफॉर्मर बनवणारे म्हणून ते सुरू झाले, आणि त्यांची काळ्या तोंडाची यंत्रं १९७० च्या दशकात जगभर गेली. नावाचा अर्थ 'डोंगर आणि पाणी', म्हणजे चित्रातला देखावा. मूळ कंपनी पुढे दिवाळ्यात निघाली. जुनी यंत्रं सेकंडहँड दुकानांत अजून मिळतात. तिथे 'जंक' असं लिहिलेला कोपरा असतो. त्याचा अर्थ चालेल की नाही ह्याची हमी नाही, परत घेणार नाही. भाच्यानं तिथला एक उचलला होता, मामीनं खाली ठेवायला लावला.

ह्याच्या पलीकडेही एक जग आहे. हिरोयासू कोंडो नावाचे एक कारागीर होऊन गेले, २००६ साली वारले. त्यांनी अँप्लिफायरमध्ये तांब्याऐवजी चांदीची तार वापरली, ट्रान्सफॉर्मरसुद्धा चांदीच्या तारेनं गुंडाळला. त्यांच्या एका अँप्लिफायरचं नाव 'ओंगाकू', जपानीत त्याचा अर्थ फक्त 'संगीत'. त्याच्या किमतीत अश्दोदला फ्लॅटचं डिपॉझिट भरता येईल, म्हणून तो विषय इथेच सोडतो. आणि असे काही शौकीन आहेत जे घराच्या अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारतात. शेजाऱ्याच्या फ्रिजची खरखर आपल्या तारेत येऊ नये म्हणून वेगळा खांब आणि वेगळा ट्रान्सफॉर्मर! वर्तमानपत्रांतून ह्या खांबांबद्दल लिहून आलेलं आहे. मुलांनो, हे खरं आहे, आम्ही बनवून सांगत नाही.

आता निवड. दुकानातला माणूस फार सभ्य. आम्ही घरून एक एलपी नेली होती, जुन्या नाट्यगीतांची. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, पुसली, लावली. अकिहाबाराच्या सहाव्या मजल्यावर ऑर्गन वाजला, तबला वाजला, आणि आमच्या मंडळींनी डोळ्याला पदर लावला. भाचा म्हणाला, "बघा मामा, म्हणून म्हणतो, हाच घेऊ."

तो 'हाच' म्हणजे अ‍ॅक्युफेजचा ई-८००. हा २०१९ सालचा नमुना, तेव्हा किंमत दहा लाख येनच्या आसपास होती, आता त्याची पुढची आवृत्ती आली आहे. वजन छत्तीस किलो. ताकद पन्नास वॅट, पण 'क्लास ए'. म्हणजे नळ कधीच पूर्ण बंद नसतो, गाणं लागलेलं नसलं तरी आतून वीज वाहत राहते. त्यामुळे आवाजातली एक बारीकशी खोट टळते, पण यंत्र इस्त्रीसारखं गरम राहतं. अश्दोदच्या ऑगस्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावर!

आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दोन यंत्रं ताडून पाहायची तर दोन्हींचा आवाज अगदी सारख्या पातळीवर आणून मग ऐकायचं. जे किंचित मोठ्यानं वाजतं ते माणसाला नेहमी अधिक चांगलं वाटतं. हे कानाचं काम आहे, यंत्राचं नव्हे. दुकानदाराला विनंती केली, त्यानं मीटर लावून दोन्ही सारखे केले. मग ई-८०० आणि त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचा एक, ह्यांतला फरक भाच्याला डोळे मिटून तीनदा विचारला. दोनदा बरोबर आलं, एकदा चुकलं. फरक आहे, नाही असं आम्ही म्हणत नाही. मोठ्याच्या आवाजात ऑर्गन आणि गायक वेगवेगळ्या ठिकाणी बसल्यासारखे वाटत होते. पण हा फरक पंचविशीच्या-तिशीच्या कानाला कळायला दहा मिनिटं लागली.

दुसरी, वॅट. लोक वॅट बघून यंत्र घेतात, जसं पूर्वी लग्नाच्या मांडवात भोंगे मोजत. घरातला साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८५ ते ९० डेसिबलच्या दरम्यान आवाज देतो. आपण दोघं बोलतो तो आवाज ६० च्या आसपास. म्हणजे सलोनमध्ये बसून गाणी ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याची थाप, ऑर्गनचा मोठा सूर आला की क्षणभर दहा-वीस लागतात. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. पन्नासचे शंभर करून कुणाच्या घरात काही बदलत नाही. बदलतं ते स्पीकर बदलल्यावर आणि स्पीकर कुठे ठेवलाय त्यानं. दाजींचा एक स्पीकर कपाटावर आणि एक खुर्चीच्या मागे आहे. तो आधी नीट ठेवायला एक आगोराही लागत नाही.

त्या संध्याकाळी भाच्यानं आम्हांला शिबुयाला 'लायन' नावाच्या जागी नेलं. ही कॉफीची जागा १९२६ सालची, लढाईत जळली, १९५० मध्ये पुन्हा उभी राहिली. आत अंधार, सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून, समोर दोन मजले उंच लाकडी स्पीकर. बोलायचं नाही. कॉफी घ्यायची आणि रेकॉर्ड ऐकायची. पूर्वी जपानात परदेशी रेकॉर्ड आणि चांगली यंत्रं साध्या माणसाला परवडत नसत, म्हणून कॉफीवाल्यानं ती ठेवायची आणि एका कपाच्या पैशात लोकांनी ऐकायची अशी पद्धत पडली. जॅझसाठीही अशा जागा होत्या आणि आहेत. योकोहामाची 'चिगुसा' १९३३ ची. आम्हांला आपले नागपाड्याकडचे इराणी आठवले, तिथे चहाबरोबर ज्यूक बॉक्स असायचा. फरक एवढाच की इराण्याकडे गप्प कुणी बसत नसे. लायनमध्ये आमच्या पलीकडे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ हाताचा पंजा कानामागे धरून बसले होते. भाच्यानंही ते पाहिलं, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

विजेबद्दल मात्र सगळ्यांनी, विशेषतः आणायला निघालेल्यांनी नीट वाचावं. जपानात घरातली वीज १०० व्होल्टची. जगात इतकी कमी फार थोड्या ठिकाणी. इस्रायलला आणि भारतात २३०. जपानी बाजारासाठी बनवलेला अँप्लिफायर इथे सरळ सॉकेटमध्ये घातला तर आतला फ्यूज उडेल, आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही जाईल. बाजारात मिळणारी प्लगची पिन-बदली फक्त पिनांचा आकार बदलते, व्होल्ट बदलत नाही. पुष्कळांना वाटतं बदलते.

मग मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा. पण आपल्याकडे जे सहज मिळतात ते अमेरिकेच्या मालासाठी, ११० किंवा १२० व्होल्ट देणारे. १०० च्या यंत्राला १२० म्हणजे वीस टक्के जास्त. काही दिवस चालेल, तापेल, आयुष्य घटेल. नेमका १०० देणारा शोधावा लागतो, आणि यंत्राच्या मागे जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या निदान दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो. तो स्वतः गुणगुणतो, म्हणून यंत्रापासून दूर ठेवायचा. आणि जपानातली गॅरंटी बहुधा जपानपुरतीच असते. बिघडलं तर ते खोकं परत योकोहामाला पाठवणार कोण?

ह्यात एक गंमतही आहे, मुलांना शाळेत सांगता येईल अशी. जपान एकच देश, पण वीज दोन तऱ्हेची. १८९५ च्या सुमारास टोकियोनं जर्मनीहून जनित्रं आणली, ती सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ओसाकानं लगेच पुढे अमेरिकेहून आणली, ती साठची. दोघांनी आपापलं वाढवलं आणि देशाचे दोन भाग झाले ते आजपर्यंत. फुजी नदी आणि इतोइगावा गाव ह्यांच्या आसपास सीमा आहे. २०११ साली भूकंपानंतर टोकियोकडे वीज कमी पडली, तेव्हा पश्चिमेकडची वीज पूर्वेला हवी तेवढी देता येईना, कारण मधे बदलणारी केंद्रं थोडी. अँप्लिफायरला ह्या पन्नास-साठचं सहसा सुखदुःख नाही. जुन्या रेकॉर्ड प्लेयरला आहे. साठवर चालणारी त्याची जुन्या तऱ्हेची मोटर पन्नासवर लावली तर सहात पाच ह्या गतीनं फिरेल, आणि बाई गात असतील तर बुवा गातायत असं वाटेल. इस्रायलची वीज पन्नासची, म्हणून ओसाकाकडचा जुना प्लेयर घेताना विचारून घ्या.

आता शब्दांचं. भाच्याला आम्ही विचारलं, "दाजींना नुसती गाण्यातलेच शब्द लागत नाहीत, की फोनवर तुझेही?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "फोनवर मी दोनदा सांगतो."

म्हातारपणी कान सगळा सारखा जात नाही. आधी वरचे, बारीक सूर जातात. 'स', 'श', 'फ', 'ट' ह्यांचा जो फुसफुस करणारा भाग असतो तो तिथे असतो. आ, ओ, ऊ हे खाली असतात, ते शाबूत राहतात. म्हणून 'साखर' म्हटलं तर 'आखर' ऐकू येतं. आवाज येतो आणि शब्द लागत नाही, अगदी दाजी म्हणतात तसंच. हे मशीन जुनं झाल्याचं लक्षण नव्हे, आणि छत्तीस किलोच्या सोन्याच्या पेटीनंही ते बरं होत नाही. भाच्याला हे सांगणं आम्हांला सोपं गेलं नाही. दोन वर्षं पैसे साठवलेला मुलगा समोर बसलेला, आणि त्याला सांगायचं की आधी बाबांना कुपत होलीममध्ये कानाच्या डॉक्टरकडे ने.

पण अँप्लिफायर अगदीच निरुपयोगी आहे असंही नाही, आणि इथे जपानी कंपन्यांचं आम्हांला कौतुक वाटतं. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या पुष्कळ भारी अँप्लिफायरना एक आवाजाचं बटण सोडलं तर काहीच नसतं. त्यांचं म्हणणं, रेकॉर्डवर जे आहे ते शुद्ध ऐका, बटणं मधे आली की शुद्धता गेली. लक्समन आणि अ‍ॅक्युफेज ह्यांनी बास, ट्रेबल, बॅलन्स ही बटणं आपल्या घरगुती यंत्रांवर ठेवली आहेत. म्हाताऱ्या माणसाला शुद्धतेपेक्षा ट्रेबलचं बटण जास्त लागतं. ते उजवीकडे फिरवलं की वरचे सूर थोडे उचलले जातात. गेलेलं सगळं परत येत नाही, तेवढी त्याची ताकद नसते, पण हलकासा उणेपणा भरून निघतो. बास जरा कमी केला तर शब्द आणखी मोकळे होतात.

दाजींचा डावा कान जास्त गेलाय, म्हणून भाचा म्हणाला बॅलन्स फिरवू. त्याचा खोलीत फारसा उपयोग नाही, कारण खोलीत दोन्ही स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतात. हेडफोन लावला तर मात्र फरक पडतो, आणि तेव्हा 'मोनो'चं बटण असलेलं बरं, म्हणजे डाव्या बाजूला ठेवलेलं वाद्य हरवत नाही. मोनोचा दुसरा फायदा जुन्या तबकड्यांना. ७८ च्या रेकॉर्डी मुळातच एकेरी आवाजाच्या, मोनो केलं की खरखर बरीच कमी होते. त्यांना सुईही जाड लागते, एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासत जाते. रेकॉर्डीसाठी 'फोनो' लिहिलेली जागा यंत्रात आहे का तेही बघा. लक्समनच्या अशा यंत्रांत ती आतच असते, अ‍ॅक्युफेजमध्ये बहुधा वेगळं कार्ड घ्यावं लागतं. कॅसेटला ह्यातलं काही नको, साधी लाइनची जागा पुरते.

शेवटी ठरलं ते असं. ई-८०० नाही. विमानात एका बॅगेला फार तर बत्तीस किलो, तेव्हा तो तसाही आला नसता. लक्समनचा मधला, ट्रान्झिस्टरचा नमुना, तिन्ही बटणांचा, आणि तोही जपानहून न आणता २३० व्होल्टचा, इथल्या दुकानदारामार्फत मागवला. महाग पडला, कारण जपानबाहेर ह्या यंत्रांची किंमत चढते. भाचा थोडा हिरमुसला, "मामा, जपानात राहून बाहेरून घ्यायचं?" आम्ही म्हटलं, बाबा, तुझे वडील दर शुक्रवारी सगळे प्लग काढून ठेवतात आणि मग लावतात. एक दिवस ते ट्रान्सफॉर्मर विसरतील. उरलेल्या पैशांतला काही भाग कानाच्या यंत्रासाठी ठेवला. त्यात कुपाकडून काही सवलत मिळते, आपापल्या कुपाला विचारावं. आणि तपासणाऱ्या बाईंना सांगावं की माणूस गाणी ऐकतो. कानाची यंत्रं मुळात बोलणं ऐकायला जुळवलेली असतात, गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून देता येतो, पण आपण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

कॅसेटचं काम मात्र सगळ्यांत आधी केलं, यंत्र यायच्याही आधी. जुन्या डेकचे रबरी पट्टे सैल होतात आणि फीत गुंतली तर संपलंच. भाच्याच्या मित्रानं चांगल्या डेकवर लावून कॉम्प्युटरमध्ये तिची नक्कल काढली, तीन ठिकाणी ठेवली. ताईचा आवाज जरा वर उचलून, मागची ढोलकी जरा खाली करून एक वेगळी प्रतही काढली. दाजींनी नवं यंत्र आल्यावर दोन्ही ऐकल्या. कानात यंत्र, ट्रेबल घड्याळाच्या दोन वाजता. पहिल्या गाण्यातले निम्मेअधिक शब्द लागले असं ते म्हणाले. दुसऱ्यातले नाही लागले, पण ते गाणं त्यांना पाठच आहे.

ज्यांच्या घरी आधीच जपानहून आणलेलं यंत्र आहे त्यांनी एवढं करावं. मागच्या पत्र्यावर १०० लिहिलंय का बघावं. असेल तर प्लगला लाल चिकटपट्टी गुंडाळून त्यावर मराठीत आणि हिब्रूत '१०० व्होल्ट, भिंतीत घालू नये' असं ठळक लिहावं, म्हणजे नातवंडं आणि साफसफाईला येणारी बाई दोघांनाही कळेल. यंत्राचं नाव आणि मागे लिहिलेले वॅट कागदावर उतरवून आमच्याकडे पाठवलेत तर केवढा ट्रान्सफॉर्मर लागेल ते आम्ही कळवू. कागदावर आकडे मोठे लिहा, आमचाही चष्मा बदलायचा राहिलाय.